स्वतः रंगवलेल्या मजकूरचौकटीत चिनी आयएमई: पर्यायांची खिडकी कोपऱ्यात, एंटरला चौकट बंद, शब्द दोनदा

तिरपी_रेघ

नमस्कार. सर्किटच्या आकृत्या काढायचा आमचा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम आहे, सी++ मधला. कॅनव्हास सगळा ओपनजीएलवर रंगवतो, त्यामुळे आकृतीवरच्या लेबलांची मजकूरचौकटही आमचीच. विंडोजचं तयार एडिट कंट्रोल नाही की क्यूटी नाही. विंडोजवर थेट विन३२, लिनक्स आणि मॅकवर एसडीएल२ ही लायब्ररी. वापरणाऱ्यांत आता तैवान आणि शेनझेनचे लोक आहेत. चिनी लिहिताना, म्हणजे कळांवरून अक्षरं जुळवून पर्याय दाखवणारा आयएमई (इनपुट मेथड एडिटर) वापरताना, पुढचे घोळ होतात:

१. विंडोजवर पिनयिन (रोमन अक्षरांत उच्चार लिहून चिनी जुळवायची पद्धत) सुरू केलं की पर्यायांची खिडकी लेबलापाशी न येता पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात उघडते.

२. अक्षरं जुळवत असताना एंटर दाबला तर आमची चौकटच बंद होते. बॅकस्पेस दाबला तर जुळणीतलं अक्षर जातंच, शिवाय लेबलात आधी असलेलंही एक अक्षर उडतं.

३. निवडलेला शब्द कधीकधी दोनदा उमटतो. हेही विंडोजवरच.

४. लिनक्सवर लेबल उघडलेलं नसताना 'आर' हा फिरवण्याचा शॉर्टकट चालत नाही, उलट पर्यायांची खिडकी येते. आणि आमच्या ॲपइमेजमध्ये (लिनक्ससाठीचं एका फाइलीतलं पॅकेज) तर आयएमई सुरूच होत नाही.

इंग्रजी आणि इनस्क्रिप्टवरून मराठी व्यवस्थित उमटतं, म्हणून युनिकोडचा प्रश्न नसावा. मजकूर आम्ही विंडोजच्या डब्ल्यूएम_चार या अक्षराच्या संदेशातून घेतो, शॉर्टकट डब्ल्यूएम_कीडाउन या कळेच्या संदेशातून. सुरुवात कुठून करू?

---

खटका

युनिकोडचा प्रश्न नाहीच. तुमची चौकट "कळ दाबली की अक्षर आलं" असं धरून चालते आणि चिनीत ते खरं नसतं, बहुतेक घोळ तिथून निघतात. इनस्क्रिप्टमध्ये एका कळेला एक ठरलेलं चिन्ह आहे, मध्ये काही शिजत नाही. त्यामुळे मराठी उमटलं म्हणून आयएमई चालतो असं समजू नका.

पिनयिनमध्ये काय होतं ते कळ-कळ करून बघा. एन, आय, एच, ए, ओ या पाच कळा दाबल्या तरी कागदावर अजून काही नाही. आयएमईकडे "नी हाव" असा रोमन लिपीतला कच्चा मजकूर जमतो आणि खाली क्रमांक घातलेले पर्याय दिसतात. स्पेसबार दाबला की पहिला पर्याय पक्का होतो, २ दाबला की दुसरा. एंटर दाबला की चिनी न करता ती रोमन अक्षरंच जशीच्या तशी उमटतात. एस्केपने सगळं रद्द. बॅकस्पेस कच्च्यातलं शेवटचं अक्षर खातो. म्हणजे कच्चा मजकूर जिवंत असेपर्यंत एंटर, बॅकस्पेस, बाण, आकडे, स्पेसबार या सगळ्या कळा आयएमईच्या. तुम्ही त्यांना हात लावला की दुसरा घोळ झालाच.

आधी चौकटीच्या डेटात दोन वेगळ्या जागा करा: पक्का मजकूर आणि कच्चा मजकूर. कच्च्यात तीन गोष्टी ठेवा: स्ट्रिंग, तिच्यातली कर्सरची जागा आणि कुठल्या तुकड्याला कशी अधोरेखा द्यायची. रंगवताना कर्सरपर्यंतचा पक्का, मग अधोरेखित कच्चा, मग उरलेला पक्का. कच्चा मजकूर अनडूच्या यादीत, आपोआप जतन होणाऱ्या फाइलीत, शोधात, नेटलिस्टमध्ये कुठेही जाता कामा नये. पक्का झालेला तुकडा अनडूत एकच पायरी म्हणून जावा. हे आधी करा. नाहीतर पुढचं सगळं ठिगळ लावल्यासारखं होतं.

आता विंडोज. आयएमईशी बोलायचे जुनं इम३२ आणि नवं टीएसएफ (टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क) असे दोन रस्ते आहेत. टीएसएफमध्ये आयएमईला तुमचा आजूबाजूचा मजकूर वाचता येतो, पण त्यासाठी आय-टेक्स्ट-स्टोअर-एसीपी हा सगळा इंटरफेस लिहावा लागतो. छोट्या लेबलांसाठी इम३२ पुरे. आजचे पिनयिन आयएमई टीएसएफवर असले तरी विंडोज मध्ये दुभाषा ठेवतं, त्यामुळे इम३२ चे संदेश तुम्हाला मिळतात. फंक्शनची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मध्ये रेघ देतोय, कोडमध्ये ती सलग आहेत.

डब्ल्यूएम_आयएमई_सेटकॉन्टेक्स्ट आला की एलपॅरममधला (संदेशाबरोबर येणारं मूल्य) आयएससी_शोयूआयकॉम्पोझिशनविंडो हा बिट काढा आणि मग तो संदेश डेफ-विंडो-प्रॉककडे, म्हणजे विंडोजच्या ठरलेल्या हाताळणीकडे, पाठवा. कच्चा मजकूर तुम्ही रंगवणार, पर्यायांची खिडकी आयएमई दाखवणार, अशी वाटणी यातून होते. पर्यायांच्या खिडकीचे बिट चुकूनही काढू नका, नाहीतर लोकांना आंधळेपणाने आकडे दाबावे लागतील.

डब्ल्यूएम_आयएमई_स्टार्टकॉम्पोझिशन आला की खिडकीची जागा सांगा आणि शून्य परत करा. हा डेफ-विंडो-प्रॉककडे गेला तर विंडोज स्वतःची कच्च्या मजकुराची पट्टी उघडतं.

खरं काम डब्ल्यूएम_आयएमई_कॉम्पोझिशनमध्ये आहे. एलपॅरममध्ये जीसीएस_रिझल्टएसटीआर असेल तर पक्का मजकूर आलाय, जीसीएस_कॉम्पएसटीआर असेल तर कच्चा बदललाय. दोन्ही एकाच संदेशात येऊ शकतात, म्हणून दोन स्वतंत्र 'इफ' हवेत, 'एल्स' नको. आणि पक्का आधी, कच्चा नंतर. एलपॅरम शून्य आला तर कच्चा पुसून टाका. मजकूर इम-गेट-कॉम्पोझिशन-स्ट्रिंगच्या डब्ल्यू आवृत्तीने काढायचा: आधी बफर न देता लांबी विचारा, मग बफर देऊन मजकूर. ही लांबी बाइटमध्ये येते, अक्षरांत नाही, म्हणून दोनाने भागा. शेवटी शून्य लावलेलं नसतं, ते गृहीत धरू नका. कर्सरची जागा जीसीएस_कर्सरपॉसने मिळते, ती मात्र अक्षरांत असते. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की कच्च्यातला कर्सर भलतीकडे जातो.

तिसरा घोळ इथलाच आहे. पक्का मजकूर स्वतः घेतल्यावरही तो संदेश डेफ-विंडो-प्रॉककडे सोडला तर ते प्रत्येक अक्षराचा डब्ल्यूएम_आयएमई_चार तयार करतं, त्यातून डब्ल्यूएम_चार येतो आणि शब्द पुन्हा उमटतो. स्वतः घेतलात तर तिथेच शून्य परत करा. "कधीकधी" होतंय म्हणजे तुमच्याकडे कुठल्यातरी एकाच फाट्यावर हाताळणी आहे असं दिसतं.

डब्ल्यूएम_चार मात्र काढून टाकू नका. चिनी मोडमध्ये विरामचिन्हं जुळणीशिवाय येतात. पूर्णविरामाच्या कळेला यू+३००२ हा छोटा गोल येतो, उलट्या तिरप्या रेघेच्या कळेला यू+३००१. शिफ्ट-६ दाबल्यावर तर यू+२०२६ हे चिन्ह दोनदा येतं, म्हणजे एका कळेला दोन अक्षरं. एका कीडाउनला एकच अक्षर असं कुठे मोजत असाल तर ते बंद करा.

कीडाउनमध्ये आयएमईने घेतलेल्या कळेचा कोड २२९ येतो, हेक्समध्ये ई५, नाव व्हीके_प्रोसेसकी. तो दिसला की काही न करता बाहेर पडा. तुमचे शॉर्टकट एलपॅरममधल्या स्कॅनकोडवरून ठरत असणार, कारण स्कॅनकोड तेव्हाही खऱ्या कळेचाच असतो आणि म्हणूनच बॅकस्पेस दोन्हीकडे लागू होतोय. आणखी एक, कीअपला २२९ येत नाही, खरी कळ येते. चौकट कीअपवर बंद होत असेल तर २२९ तपासूनही एंटरचा त्रास राहील. बंद करायचं काम कीडाउनवर आणा.

---

तिरपी_रेघ

अगदी बरोबर, शॉर्टकट स्कॅनकोडवरूनच होते, आणि ओके बटण कीअपवर. दोन्ही बदललं, दुसरा आणि तिसरा घोळ गेला. जागेसाठी इम-सेट-कॉम्पोझिशन-विंडो वापरलं, सीएफएस_पॉइंट देऊन. एका मशीनवर बरोबर बसलं. दुसऱ्या मशीनवर स्केलिंग १५०% आहे, तिथे खिडकी लेबलाच्या बरीच वर आणि डावीकडे येते. आणि लेबल ९० अंशात फिरवलेलं असेल तर ती मजकुरावरच बसते.

---

खटका

पर्यायांच्या खिडकीसाठी इम-सेट-कॅन्डिडेट-विंडो वेगळं बोलवा, सीएफएस_कॅन्डिडेटपॉस देऊन. त्याच्या जोडीला सिस्टिमचा कॅरेटही (विंडोजचा स्वतःचा मजकुराचा कर्सर) हलवा: फोकस आल्यावर क्रिएट-कॅरेट, दर वेळी सेट-कॅरेट-पॉस, फोकस गेल्यावर डिस्ट्रॉय-कॅरेट. शो-कॅरेट बोलवायचं नाही, म्हणजे तो दिसत नाही. दोन्ही का? टीएसएफचा दुभाषा चालू असेल तर चिनी आयएमई कॅरेटकडे बघत नाहीत, तुम्ही दिलेली जागा घेतात. तो बंद असेल तर नेमकं उलट. वापरणाऱ्याचं मशीन कसं आहे ते तुमच्या हातात नाही.

१५०% चं कारण: या फंक्शनना खिडकीच्या आतल्या भागाचे खरे पिक्सेल लागतात. तुमचा कॅनव्हास स्केलिंगच्या आधीच्या एककात मोजत असेल तर (४००, ३००) हा बिंदू १५०% वर (६००, ४५०) द्यायला हवा. कॅनव्हासचा झूम आणि सरकवणं त्याआधी लावा. सोपा नियम असा, की कर्सर रंगवताना ओपनजीएलला जो शेवटचा बिंदू जातो तोच घ्या, दुसरं गणित मांडू नका.

फिरवलेल्या लेबलासाठी सीएफएस_एक्सक्लूड आहे. त्यात बिंदूबरोबर एक आयत देता येतो आणि खिडकी तो आयत टाळून बसते. फिरवलेल्या ओळीचे चारही कोपरे पडद्यावर कुठे येतात ते काढा, त्यांना सामावणारा सरळ आयत द्या.

जागा नुसती सुरुवातीला देऊन भागत नाही. कच्चा बदलला, कॅनव्हास सरकला, झूम झाला, खिडकी वेगळ्या स्केलिंगच्या मॉनिटरवर गेली, की पुन्हा द्या.

अजून एक जागा लोकांकडून सुटते. कच्चा मजकूर अर्धवट असताना माउसने दुसऱ्या लेबलावर क्लिक केलं तर? काही न केल्यास अर्धी जुळणी नव्या लेबलात जाऊन पडते. फोकस हलवण्याच्या आधी इम-नोटिफाय-आयएमई बोलवा, एनआय_कॉम्पोझिशनएसटीआर आणि सीपीएस_कम्प्लीट देऊन, म्हणजे ती जुन्या लेबलात पक्की होते. एस्केपने चौकट रद्द होत असेल तर तिथे सीपीएस_कॅन्सल.

---

रात्रपाळी

लिनक्सचं मी सांगतो. 'आर' चालत नाही याचं कारण एसडीएल२ मध्ये डेस्कटॉपवर मजकूर घेणं सुरुवातीपासून चालूच असतं. त्यामुळे आकृती फिरवायला दाबलेला 'आर' आधी आयएमईकडे जातो आणि त्याला वाटतं पिनयिन सुरू झालं. प्रोग्रॅम सुरू होताच एसडीएल_स्टॉप-टेक्स्ट-इनपुट बोलवा. लेबल उघडलं की एसडीएल_स्टार्ट-टेक्स्ट-इनपुट, मिटलं की पुन्हा स्टॉप. आराखडे काढायच्या प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचे शॉर्टकट भरपूर असतात, तिथे एवढ्या एका बदलाने चिनी वापरणाऱ्यांचा निम्मा त्रास जातो. विंडोजवर हेच काम इम-असोसिएट-कॉन्टेक्स्टला नल देऊन होतं. परत चालू करायला त्याने दिलेला जुना कॉन्टेक्स्ट जपून ठेवा. पासवर्डच्या चौकटीतही आयएमई असाच बंद ठेवायचा.

एसडीएल२ मध्ये कच्चा मजकूर एसडीएल_टेक्स्टएडिटिंगमधून येतो, पक्का एसडीएल_टेक्स्टइनपुटमधून. दोन्हींचा बफर ३२ बाइटचा. यूटीएफ-८ मध्ये नेहमीचं चिनी अक्षर ३ बाइट घेतं, म्हणजे एका इव्हेंटमध्ये जेमतेम १० अक्षरं. लांब वाक्य एकदम जुळवणाऱ्यांना हे लगेच जाणवतं. २.०.२२ पासून एसडीएल_हिंट_आयएमई_सपोर्ट_एक्स्टेंडेड_टेक्स्ट हा संकेत आहे. तो '१' केला की लांब कच्चा मजकूर एसडीएल_टेक्स्टएडिटिंग_ईएक्सटी या इव्हेंटने येतो. त्यातला पॉइंटर वापरून झाला की एसडीएल_फ्रीने सोडायचा, नाहीतर दर कळेला मेमरी गळते. पक्का मजकूर लांब असेल तर तो तुकड्यांत येतो. १५ अक्षरांचं वाक्य दोन इव्हेंट होऊन आलं तर अनडूत दोन पायऱ्या पडतात, म्हणून इव्हेंटच्या एकाच फेरीत आलेले तुकडे जोडून घ्या.

जागेसाठी एसडीएल_सेट-टेक्स्ट-इनपुट-रेक्ट. एसडीएल३ वर जाणार असाल तर तिथे स्टार्ट आणि स्टॉप दोन्हींना खिडकी द्यावी लागते, जागेचं फंक्शन एसडीएल_सेट-टेक्स्ट-इनपुट-एरिया झालंय, आणि ३२ बाइटची मर्यादा गेलीय. नवं काही लिहायचं असेल तर माझं मत एसडीएल३ कडे आहे, फक्त या एका कारणासाठीही.

आता ॲपइमेज. एसडीएल२ लिनक्सवर आयबस आणि फसिटक्स या आयएमई चालवणाऱ्या प्रणालींशी डीबसवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) बोलतं. पण एसडीएल बिल्ड करताना त्या मशीनवर डीबसच्या डेव्हलपमेंट फाइली नसतील तर ते काही कुरकुर न करता आयएमईशिवाय बिल्ड होतं. आयबससाठी आयबसच्या हेडर फाइलीही लागतात. कमीत कमी पॅकेजं टाकलेल्या कंटेनरमध्ये ॲपइमेज बनवत असाल तर हेच झालं असणार. कॉन्फिगरचा शेवटचा अहवाल वाचा, डीबस आणि आयबस दोन्हींपुढे होकार हवा.

बिल्ड बरोबर असेल तर पर्यावरणाची व्हेरिएबल बघा. एसडीएल२ आधी एसडीएल_आयएम_मॉड्यूल बघतं; ते नसेल तर एक्समॉडिफायर्समध्ये @आयएम=फसिटक्स आहे का ते. जीटीके आणि क्यूटीची व्हेरिएबल वेगळी असतात, त्यामुळे ब्राउझरमध्ये चिनी उमटतं आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये नाही असं घडू शकतं. ॲपइमेज सुरू करणारी स्क्रिप्ट पर्यावरण पुसत नाही ना, तेही तपासा. क्यूटीचा ॲपइमेज असता तर दुखणं वेगळं असतं: क्यूटीबरोबर आयबसचं प्लगइन येतं, फसिटक्सचं येत नाही, ते वेगळं आणून प्लॅटफॉर्म-इनपुट-कॉन्टेक्स्ट्स या फोल्डरात ठेवावं लागतं आणि क्यूटीच्या आवृत्तीशी जुळावं लागतं.

वेलँडवर (लिनक्सची नवी पडदा-व्यवस्था) टेक्स्ट-इनपुट-व्ही३ हा प्रोटोकॉल आहे, ग्नोम आणि केडीई दोन्हीकडे चालतो. एसडीएल तो सांभाळतं. स्वतः लिहायची वेळ आली तर तीन गोष्टी. कच्चा, पक्का आणि मागचं पुसायची सूचना असे वेगवेगळे इव्हेंट आले तरी 'डन' येईपर्यंत काहीच लागू करायचं नाही. 'डन' आल्यावर क्रम ठरलेला आहे: जुना कच्चा काढा, सांगितलेलं पुसा, पक्का घाला, मग नवा कच्चा. आणि कर्सरच्या जागा यूटीएफ-८ च्या बाइटमध्ये असतात; दोन्ही उणे एक आल्या तर कर्सर लपवायचा.

---

दुहेरी_वेलांटी

मॅकवर एसडीएल२ असल्यामुळे बरंच काम झालेलं आहे, पण दोन ठिकाणी हात घालावा लागेल.

पहिलं, क्रम. मॅकवर एसडीएल२ कळेचा कीडाउन आधी पाठवतं आणि मग आयएमईला विचारतं. म्हणजे "कच्चा रिकामा नसेल तर एंटर-बॅकस्पेस सोडून द्या" एवढी अट घातली की त्या कळांचं काम होतं. पण जुळणीच्या पहिल्याच अक्षराला कच्चा अजून रिकामा असतो, त्यामुळे एन दाबला की एन चा शॉर्टकट चालेल आणि जुळणीही सुरू होईल. उपाय एकच: लेबल उघडं असताना कमांड किंवा कंट्रोलशिवायचे शॉर्टकट पूर्ण बंद. सगळीकडे क्रम असाच असेल असंही धरू नका. आधी कच्चा रिकामा झाल्याचा इव्हेंट आणि मग एंटरचा कीडाउन असं आलं तर तुमची अट फसेल. कच्चा ज्या फेरीत रिकामा झाला त्या फेरीतला एंटर दुर्लक्षित करा, एक बुलियन पुरतो.

दुसरं, एकक. विंडोजच्या बरोबर उलट. रेटिना पडद्यावर ओपनजीएलचा बफर दुप्पट असतो, पण टेक्स्ट-इनपुट-रेक्टला खिडकीचे पॉइंट लागतात. बफरचे पिक्सेल दिलेत तर पर्याय दुप्पट अंतरावर दिसतील.

पुढेमागे थेट कोकोआवर गेलात तर एनएस-टेक्स्ट-इनपुट-क्लायंट हा प्रोटोकॉल व्ह्यूवर पूर्ण लिहावा लागतो. त्यात कीडाउनमध्ये फक्त इंटरप्रेट-की-इव्हेंट्स बोलवायचं. एंटर आणि बॅकस्पेस आयएमईने घेतले नाहीत तरच डू-कमांड-बाय-सिलेक्टरकडे येतात, म्हणून त्यांचं काम तिथे ठेवा. मग कच्चा आहे की नाही हे तुम्हाला तपासावंच लागत नाही. तिन्ही प्लॅटफॉर्ममध्ये मला ही मांडणी सगळ्यांत स्वच्छ वाटते. फर्स्ट-रेक्टमध्ये जागा पडद्याच्या मापात द्यायची आणि आरंभबिंदू डावीकडे खाली असतो, वर नाही.

---

तिरपी_रेघ

ॲपइमेजचं कारण तेच निघालं, कंटेनरमध्ये डीबसच्या फाइली नव्हत्या. मॅकचा क्रमही तपासला, तसाच आहे. आता दोन प्रश्न. आमच्यात कोणाला चिनी येत नाही, मग चाचणी कशी करायची? आणि काही अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात, पर्यायांच्या खिडकीत तीच नीट दिसतात.

---

खटका

चौकोन म्हणजे तुमच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. पर्यायांची खिडकी आयएमई स्वतःच्या फॉन्टने रंगवतो, म्हणून तिथे दिसतं. विंडोजवर सोप्या चिनीसाठी मायक्रोसॉफ्ट याहेई, पारंपरिकसाठी मायक्रोसॉफ्ट जेंगहेई. मॅकवर पिंगफांगच्या एससी आणि टीसी आवृत्त्या. लिनक्सवर नोटो सॅन्स सीजेके. कुठला घ्यायचा हे भाषेवरून ठरवा. युनिकोडने चिनी, जपानी, कोरियन लिप्यांतली सामाईक अक्षरं एकाच क्रमांकाखाली ठेवली आहेत, पण त्यांची वळणं देशादेशांत थोडी वेगळी असतात. तैवानच्या माणसाला जपानी वळण दिसलं तर वाचता येईल, तरी खटकेलच. आपल्याला मराठी मजकुरात हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसल्यावर खटकतो, तसंच.

ओपनजीएलसाठी अक्षरांचा ॲटलास (सगळ्या अक्षरांची चित्रं असलेलं एक टेक्सचर) सुरुवातीलाच भरून ठेवायची सवय इथे मोडावी लागेल. चीनच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरं आहेत. २४ पिक्सेलचं अक्षर, भोवती एकेक पिक्सेल मोकळा धरला तर २०४८ च्या चौरस टेक्सचरमध्ये ७८ गुणिले ७८, म्हणजे ६,०८४ बसतात. सगळी एकदम बसवायच्या फंदात पडू नका. लागेल ते अक्षर त्या वेळी भरा, भरलं की सर्वांत जुनं न वापरलेलं काढा.

या यादीतली काही अक्षरं, आणि माणसांच्या व गावांच्या नावांतली आणखी पुष्कळ, यू+एफएफएफएफ च्या पलीकडे आहेत. विंडोजच्या यूटीएफ-१६ मध्ये त्यांना दोन एककं लागतात. तुमचा बॅकस्पेस एक एकक काढत असेल तर अर्धं अक्षर मागे राहतं आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिताना बिघडते. डब्ल्यूएम_चार मधून असं अक्षर आलं तर दोन संदेश येतात, पहिला आला की दुसऱ्याची वाट बघून मग जोडा.

---

रात्रपाळी

चाचणीला चिनी यायची गरज नाही, कुठल्या कळा दाबायच्या ते माहीत असलं की पुरे. पहिली चाळणी तर मराठीतच लावता येते. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कळफलक आहे. तो रोमन अक्षरांवरून देवनागरी जुळवतो आणि पर्यायही दाखवतो. जागा चुकणं, दोनदा उमटणं, एंटरचा गोंधळ, हे बरंचसं त्यातच पकडलं जातं. लिनक्सवर आयबसमध्ये एम१७एन चा मराठी फोनेटिक टाकला की कच्चा मजकूर बघायला मिळतो. मराठी लोकांच्या चमूने हे रोजच्या चाचणीत ठेवावंच, मराठी वापरणाऱ्यांचंही भलं होतं.

त्यानंतर खरे चिनी आयएमई. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा वाढवा: चिनी सोपी, चीन. तिच्याबरोबर मायक्रोसॉफ्ट पिनयिन येतं. विंडोज-स्पेसने भाषा बदलते, नुसत्या शिफ्टने चिनी आणि इंग्रजी मोड. शिफ्टवर तुमचा काही शॉर्टकट असेल, किंवा कंट्रोल-स्पेसवर सूचनांची यादी उघडत असेल, तर टक्कर होते. तो शॉर्टकट बदलता येण्याची सोय द्या.

पिनयिनमध्ये हे टाइप करा: एक्स, आय, ए, एन. हे एक अक्षरही असू शकतं आणि 'शी-आन' या शहराचं नाव, म्हणजे दोन अक्षरंही. मध्ये ॲपॉस्ट्रॉफी दिली की दोन होतात. ॲपॉस्ट्रॉफी कच्च्यात दिसायला हवी, लेबलात उमटायला नको. मग बाणाने कच्च्याच्या मधे जा, एक अक्षर पुसा, एस्केप दाबा. लेबल एस्केपच्या आधी होतं तसंच राहिलं पाहिजे आणि अनडूची यादीही हलता कामा नये.

तैवानसाठी पारंपरिक चिनी वाढवा, त्यात मायक्रोसॉफ्ट बोपोमोफो येतं. याचा स्वभाव वेगळा. ३७ ध्वनिचिन्हं सगळ्या कळफलकावर पसरलेली असतात आणि ३, ४, ६, ७ हे स्वराघात आहेत. 'नी हाव' लिहायला एस, यू, ३, सी, एल, ३ दाबायचं. इथे ३ हा पर्यायाचा क्रमांक नाही. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, तिरपी रेघ, उणे या कळांवरही चिन्हं आहेत. पिनयिनवर सगळं सुरळीत असूनही तैवानहून तक्रार येते ती बहुतेक या आकड्यांमुळे, कारण १ ते ९ वर कोणीतरी हत्यारं बदलायचे शॉर्टकट ठेवलेले असतात.

शेवटी वुबी, विंडोजवर सोप्या चिनीत तेही वाढवता येतं. त्यात अक्षराचा आकार चार कळांपर्यंत सांगतात. चौथ्या कळेला एकच पर्याय उरला तर तो स्पेसबारशिवाय पक्का होतो. एकापेक्षा जास्त उरले आणि पाचवी कळ दाबली, तर पहिला पर्याय पक्का होऊन त्याच कळेपासून नवी जुळणी सुरू होते. खटका यांनी वर पक्का आणि कच्चा एकाच संदेशात येतात म्हणून 'एल्स' नको असं सांगितलं, ते पकडायला वुबीइतकी सोपी चाचणी नाही. चूक असेल तर दर पाचव्या कळेला एक अक्षर गायब होतं, किंवा मागेपुढे होतं. चार-पाच कळा कुठल्याही दाबा, अर्थ लागला नाही तरी चालेल. पक्का झालेला तुकडा आधी आणि उरलेला कच्चा त्याच्या उजवीकडे, एवढंच बघायचं.

चिकटवून चाचणी करू नका. क्लिपबोर्डमधून आलेलं चिनी नेहमीच नीट बसतं, त्यात आयएमईचा संबंधच येत नाही.

---

तिरपी_रेघ

वुबीत एक अक्षर गायब होत होतं, आमच्याकडे 'एल्स इफ' होता. तो काढला. बोपोमोफोमध्ये ३ दाबल्यावर वायर काढायचं हत्यार येत होतं. लेबल उघडं असताना कंट्रोलशिवायचे सगळे शॉर्टकट बंद केले, तेही गेलं. फिरवलेल्या लेबलावर सीएफएस_एक्सक्लूड आडव्या ओळीला बरोबर बसतं, पण ९० अंशाच्या लांब लेबलाला खिडकी फार दूर जाते.

---

खटका

सगळ्या लेबलाचा आयत देऊ नका. कच्चा मजकूर जेवढा आहे तेवढ्याचाच द्या, आणि बिंदू कच्च्याच्या सुरुवातीचा. लेबल कितीही लांब असलं तरी मग खिडकी चालू शब्दाच्या शेजारीच बसेल.